अर्धा कप

"ही मॅरेन. मेडिकलला अर्ज करतेय, म्हणून माझ्यामागे उभी राहून बघते. ती खोलीत असली तर चालेल का? नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही."

डॉक्टर ओस्बी प्रत्येक पेशंटला हे विचारत, आणि दर वेळी पहिल्यांदाच विचारत असल्यासारख्या सुरात. उत्तर येईपर्यंत मॅरेन उंबऱ्याबाहेर थांबे.

तपासणीच्या टेबलावर बसलेल्या हार्लन फॉसेने मान वर केली. "हिला? रोज शाळेच्या बसमधून नेलंय मी हिला. एकदा माझ्या नव्याकोऱ्या बुटांवर ओकली होती. आता माझं काय बघायचं ते बघू दे. ये गं आत."

मॅरेन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डॉक्टरांनी हार्लनच्या हातात दोन कागदी पेले दिले. "यातलं पाणी त्यात ओता."

पाणी निघालं ते वाटेत चुकलं. थोडं पेल्यात, थोडं गुडघ्यावर, थोडं फरशीवर. हार्लन आपल्या हाताकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचं तरी दाव्याला बांधलेलं वासरू आपल्या हाती दिलंय आणि ते ऐकत नाहीये, तसा. टेबलाच्या कडेला टॉवेल होता. मॅरेनचा हात आपसूक तिकडे गेला. डॉक्टर मागे न बघता अर्धं पाऊल सरकल्या आणि वाट अडली. हार्लनने पेले आपणच खाली ठेवले, गुडघा आपणच पुसला, मग डॉक्टर बोलल्या.

"मला पार्किन्सन वाटतो. मेंदूच्या डॉक्टरांकडून खात्री करून घेऊ. औषध आहे, आणि बरीच वर्षं चांगलं चालतं."

खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होतं. हार्लनने टोपी गुडघ्यावर घेतली, गोल फिरवली. "घरी इंग्रिडला मी सांगेन. माझ्या वेळेला, माझ्या तोंडाने."

"तुमची गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हीच सांगायची."

मॅरेनला सगळं दिसलं, सगळं कळलं. निदान तिला तसं वाटलं. कळण्यात ती लहानपणापासून पुढे. धान्याच्या कोठारावर ट्रकांचं वजन करायची नोकरी करता करता तिने परीक्षा दिली, आणि मार्क असे पडले की कोठारावरचे लोक तिला आत्तापासूनच डॉक्टर म्हणायला लागले. तरीही गेल्या वर्षी कॉलेजने अर्ज परत केला. मुलाखतीत एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने विचारलं होतं, "डॉक्टरला गप्प बसलेलं कधी पाहिलंयस?" मॅरेन त्यावर बराच वेळ बोलली. तो हसून मान डोलावत राहिला. कुण्या डॉक्टरच्या मागे सावलीसारखं उभं राहिल्याशिवाय, आणि त्या डॉक्टरने शिफारशीचे चार शब्द लिहून दिल्याशिवाय, हे दार उघडत नाही, हे तिला नंतर उमगलं. या भागात ओस्बींशिवाय कुणी हो म्हटलं नाही. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "ये. पण आधी नुसतं उभं राहायला शिकावं लागेल."

उभं राहायला काय शिकायचं असतं, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

रविवारी प्रार्थना झाली आणि सगळं गाव चर्चच्या तळघरात उतरलं. बटाट्याचे पदार्थ, दालचिनीची बिस्किटं, ओल्या लोकरीचा वास. कॉफी वाढायची पाळी मॅरेनची होती. किटली घेऊन ती टेबलामागून टेबल फिरली. या गावात कप काठोकाठ भरतात. कमी भरलेला कप म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं.

हार्लनच्या कपाशी ती आली. गुडघ्यावर सांडलेलं पाणी तिला आठवलं, आणि तिने कप अर्धा भरला. मायेने भरला. एक शब्द बोलली नाही.

इंग्रिडचं लक्ष होतंच. "काय गं मॅरेन, माझ्या नवऱ्याला अर्ध्याच कपात वाटेला लावतेस होय? असा काय गुन्हा केलाय त्याने?"

टेबल हसलं. शेजारचा म्हणाला, "बुटांवर ओकली तेव्हा हा रागावला होता, ते अजून विसरली नाही वाटतं पोरगी." पुन्हा हसू.

मॅरेनचं तोंड तापलं. इंग्रिडने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ही मुलगी कुणाच्या मागे उभी राहते, ते गावाला ठाऊक होतं. मग इंग्रिडने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने उजवा हात टेबलाखाली घेतला होता. तिने चमचा बशीत ठेवला, अगदी हलकेच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कोट काढण्याआधीच मॅरेनने सगळं सांगून टाकलं.

"तू काही बोललीस का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"नाही. कपाने सांगितलं." डॉक्टर हात धुवत होत्या, धुवतच राहिल्या. "त्याच्याजवळ एकच गोष्ट उरली होती. बायकोला कधी सांगायचं, ती. तेवढी तू घेतलीस."

"मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागते."

"तुझं मन हलकं व्हावं म्हणून त्याचं दार वाजवायचं नाही. गुरुवारी ते दोघं येतायत. मी नेहमीसारखं विचारीन. ही मुलगी पुन्हा दिसायला नको असं तो म्हणाला, तर तुझं इथलं काम संपलं. आणि मग मला तुझ्यासाठी काही लिहिता येणार नाही. अर्जाची मुदत जवळ आलीय, ठाऊक आहे मला. तरी."

मॅरेनने मान हलवली. वाद घालायला ती हुशार होती, पण वाद घालण्यासारखं यात काही नव्हतं.

गुरुवारी हार्लन आणि इंग्रिड शेजारी शेजारी बसले, कोट न काढता. मॅरेन उंबऱ्याबाहेर. डॉक्टरांनी विचारलं, त्याच शब्दांत, त्याच सुरात. ही मुलगी खोलीत असली तर चालेल का?

हार्लनने बायकोकडे पाहिलं, मग दाराकडे.

"आज नको."

"बरं," मॅरेन म्हणाली, आणि दार आवाज न करता लावलं.

आतून बोलणं झिरपायला लागलं. इंग्रिडचा आवाज, मग त्याचा, मग पुन्हा तिचा. मॅरेन दारापासून निघाली. बोळातल्या वजनकाट्यापाशी शब्द अस्पष्ट झाले, पण सूर कळत होता. ती आणखी पुढे गेली, पार टोकाच्या खिडकीशी, जिथे फक्त बाहेरच्या बर्फ ढकलणाऱ्या गाडीची घरघर होती. तिथे ती उभी राहिली. करायला काही नव्हतं, बघायला काही नव्हतं. अर्जाचा विचार आला, तोही उभा राहून राहून गेला.

दार उघडलं. हार्लनने आजूबाजूला पाहिलं, आणि मग लांबवर ती दिसली.

"एवढ्या लांब कशाला गेलीस गं?"

"इथे काही ऐकू येत नाही."

तो संथ चालत तिच्यापर्यंत आला. मागे इंग्रिड, पर्स छातीशी धरून, डोळे लाल.

"चिडलो होतो मी," तो म्हणाला. "घरी जाईपर्यंत हिने गाडीत तोंड उघडलं नाही, आणि मग जे उघडलं..."

"चांगलं उघडलं," इंग्रिड म्हणाली. "सगळ्यात शेवटी मला, होय?"

"बघ. असं." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "आज नको म्हटलं. पुढच्या वेळी नको, असं नाही म्हटलं."

मॅरेनला पुष्कळ बोलायचं होतं. ती म्हणाली, "बरं."

मागून डॉक्टर ओस्बींनी हाक मारली. "मॅरेन, पुढचा पेशंट आत घेतेय. ये."

पुढच्या रविवारी किटली पुन्हा तिच्याच हातात. हार्लनने आपणच कप पुढे केला.

"भर."

"किती?"

"जसा सगळ्यांना भरतेस."

तिने काठोकाठ भरला. टेबलावरच्या गप्पा क्षणभर थबकल्या, मग इंग्रिडने शेजारणीला कुठल्याशा लोणच्याची कृती विचारली आणि गप्पा पुढे सरकल्या. हार्लनने कप उचलला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो वाकला, घोडा ओढ्यावर वाकतो तसा, आणि पहिला घोट टेबलावरूनच घेतला. मग सरळ झाला, दोन्ही हातांनी कप धरला आणि वर नेला. पांढऱ्या कापडावर दोन थेंब पडले.

मॅरेनच्या खांद्यावर फडकं होतं. ते तिथेच राहिलं. ती पुढच्या टेबलाकडे गेली.