हुकाला टांगलेलं हेल्मेट

मी एक विजेवर चालणारी स्कूटर आहे. जुनी म्हणवून घ्यावं असं माझं वय नाही, मित्रांनो. पण बेलापुरात विजयाताईंच्या पडवीत धूळ खात उभी राहिल्यापासून मला म्हातारपण आलं आहे. मला आता कोणी चार्जिंगला लावत नाही, आणि लावूही नये.

नगरच्या दुकानातून मला आणलं तेव्हा घरात केवढा आनंद होता! विजयाताई शाळेत शिकवतात. त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, मैत्रेयीला, श्रीरामपूरच्या कॉलेजात जायला मी हवी होते. दुकानदार म्हणाला होता, "हिचा वेग कमी. लायसन्स नको, काही नको." विजयाताईंना ते फारच पटलं. घरी आल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, "यात शिकायचं काय? सायकलच समज."

मग मला हळदकुंकू लावलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळे सोपस्कार झाले. रस्त्यावर मला कसं चालवायचं, एवढं मात्र कोणीच मैत्रेयीला शिकवलं नाही.

मैत्रेयीची जिवलग मैत्रीण अफ्रीन रोज मागे बसायची. मी मुळातच मुकी, आवाज न करता पळणारी. पण अफ्रीनच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे. तिच्या बडबडीनेच लोकांना कळायचं की मी येते आहे. मला ती फार आवडायची.

तिची आई जहिरा रोज दारात येऊन बजावायची, "पोरींनो, टोपडं घाला गं डोक्यात. लई गाड्या हायेत रस्त्याला."

"अम्मी, कोपऱ्यावर गेल्यावर घालते!" अफ्रीन म्हणायची. दोघींत मिळून एकच हेल्मेट, आणि तेही माझ्या पुढच्या हुकाला लटकलेलं. केस विसकटतात ना!

कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरला. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा, ही आमच्याकडच्या पोरांची लाडकी खोड. मोठी माणसंही हसून सोडून देतात. त्या दिवशी अफ्रीन म्हणाली, "मैत्रे, जरा खेटून घे की." मैत्रेयीने मला दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला खेटवलं. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी चालली होती. माझ्या येण्याची चाहूल ट्रॅक्टरवाल्याला लागणार कशी? मैत्रेयीने हॉर्नही वाजवला नाही.

अफ्रीनने एका उसाला हात घातला. ऊस मोळीत घट्ट आवळलेला होता. तो निघाला नाही, तिने सोडला नाही. खड्डा चुकवायला ट्रॅक्टर वळला, मागची ट्रॉली आमच्या अंगावर आली, आणि अफ्रीनचं डोकं डांबरावर आपटलं. मी मैत्रेयीसकट रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत पडले.

ट्रॅक्टरवाला अजिनाथ धावत आला. अफ्रीनला उचलताना तो लहान मुलासारखा रडत होता. "मला आवाजच न्हाई आला वो. मागं गाडी हाय, हे कळलंच न्हाई."

अफ्रीन जगली. पण ती बोलत नाही. मैत्रेयी रोज तिच्या उशाशी बसून कॉलेजातल्या गोष्टी सांगते, आणि ती छताकडे पाहत राहते. डॉक्टरांनी आता पुढच्या तपासणीची तारीख देणंही सोडलं आहे.

मध्यंतरी जहिरा आमच्या पडवीत आली. तिने माझ्या हुकाचं हेल्मेट काढलं, पदराने पुसलं, सगळीकडून फिरवून पाहिलं. "ह्याला तर वरखडा बी न्हाई," ती म्हणाली आणि ते परत जागेवर अडकवून निघून गेली. विजयाताई दारात उभ्या होत्या.

मित्रांनो, मला खेळणं समजू नका. मी मुकी आहे, म्हणून तुम्ही हॉर्न वाजवा. ट्रॉलीपासून लांब राहा. मागे बसणाऱ्याच्याही डोक्यात हेल्मेट असू द्या. मी हे कळवळून सांगते आहे, पण माझं ऐकणार कोण?

काल संध्याकाळी पडवीसमोरून माझ्यासारखीच एक नवी कोरी स्कूटर गेली. हार अजून ताजा होता. दोन मुली हसत होत्या, पुढे उसाची ट्रॉली होती, आणि हेल्मेट हुकाला होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते. पण मला आवाज नाही.