चुका करायचा लेथ

मित्रांनो, कोरेगाव भीमाच्या पुढं हायवेवरून आत वळलं की पत्र्याच्या शेडांची एक रांग लागते. त्यातल्या तिसऱ्या शेडमध्ये, पाण्याच्या कूलरशेजारी जे गंजकं हिरवं धूड दिसतं, तो मी. मी लेथ आहे. धातू गरगर फिरवायचा आणि हत्यारानं सोलायचा, हा माझा धंदा. हल्ली लोक पाणी पितात, रिकामा ग्लास माझ्या अंगावर ठेवतात आणि जातात. ठेवा बाबांनो. बसून बसून माणूस थकतो म्हणतात, तसा लेथही थकतो.

माझा जन्म पंजाबातला. तिथल्या भट्टीत माझं अंग ओतलं, घासूनपुसून रंगवलं आणि ट्रकमध्ये घालून इकडे धाडलं. ट्रकमधून उतरवलं तेव्हा मालकांनी नारळ फोडला, कपाळाला कुंकू लावलं. पुढची सोळा वर्षं मी बुश काढले. बुश म्हणजे पंपात बसते ती पितळेची जाड बांगडी. तीन पाळ्या चालायचो. दसऱ्याला पहिला हार मलाच असायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

मग कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली. आम्हाला दिवसभर लागायचं ते काम ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकायची. मला ढकलत ढकलत कूलरपाशी आणलं आणि भंगारवाल्याला निरोप गेला. तो टेम्पो घेऊन आलाही होता. तेवढ्यात इमॅन्युएल सर आडवे आले.

इमॅन्युएल सर आमचे फोरमन. शिरूरला चर्चच्या मागच्या गल्लीत राहायचे आणि रोज सकाळी एसटीनं यायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी. ते मालकांना म्हणाले, "हा लेथ मला द्या. प्रॉडक्शनला नको, शिकवायला हवा."

"ट्रेनिंग रूम आहे की आपल्याकडे," मालक म्हणाले.

"तिथं लोक सही करतात आणि पंख्याखाली झोपतात, साहेब. हात काळे झाल्याशिवाय शिकणं होत नाही."

मालक हसले आणि मी वाचलो.

सरांनी एक रीत घालून दिली. शनिवारी दुसरा चहा झाला की अर्धा तास ज्याला वाटेल त्यानं माझ्यावर यावं. झाडूवाला असो की ऑपरेटर, डोक्यात जे आलं असेल ते करून बघावं. जॉब बिघडला तर कुणी ओरडायचं नाही. मात्र बिघडलेला तुकडा भंगारात टाकायचा नाही. नाव लिहून समोरच्या तारेला टांगायचा आणि आपण काय करायला गेलो, काय झालं, ते सगळ्यांना सांगायचं.

पहिले दोन महिने कुणी फिरकलं नाही. आपली फजिती आपल्याच हातानं कोण टांगणार? मग सरांनी स्वतः एक बुश बिघडवला, मोठ्या अक्षरात 'इमॅन्युएल' लिहून टांगला आणि म्हणाले, "तीस वर्षं झाली मला, तरी अंदाज चुकला. बघा, मेलो का?" लोक खोखो हसले. पुढच्या शनिवारी संपत वेल्डर आला. पुढं पुढं तर चहाचे कप हातात घेऊनच गर्दी व्हायची. माझे दात किरकिरायचे, हत्यारं तुटायची, अंगाला चरे पडायचे. पण सांगतो, ते दिवस सोळा वर्षांच्या प्रॉडक्शनपेक्षा मला गोड लागले.

त्या गर्दीत मागं एक बाई उभी असायची. तिचं नाव रंभा. ती बर काढायच्या टेबलावर होती. धातू कापला की कडेला पात्यासारखा धारदार पापुद्रा राहतो, त्याला कारखान्यात बर म्हणतात. चार बायका दिवसभर बसून कानशीनं तो पापुद्रा काढायच्या. चौघी ठेकेदाराची माणसं, आज आहेत उद्या नाहीत. रंभाची बोटं चिरलेली असायची. चिंध्या बांधून काम करायची. तिला या कामावर आणलं होतं तिच्या गल्लीतल्या दगडाबाईनं. वयानं मोठी, तोंडानं फटकळ, पण रंभाच्या पोरीच्या आजारपणात हीच बाई तिच्या वाटणीचे बुश घासून द्यायची.

एका शनिवारी रंभा पुढं आली. पदर खोचून म्हणाली, "सर, एक इचारू का? हसायचं न्हाई."

"हसलो तर माझा जॉब अजून तारेला आहे, त्याला हस तू."

"सहा वर्सं झाली, ही बर एकाच कडंला येती. हत्यार भाईर पडतं तितंच. मग शेवटचा कट मारायच्या आदीच ती कड वाईच मोडून ठिवली तर? बर यायला जागाच न्हाई राहनार."

सरांनी खिशातलं व्हर्नियर काढलं, परत ठेवलं. मग तिला हाताला धरून माझ्यासमोर उभं केलं. "कर," म्हणाले.

तिला जमलं असं समजू नका लगेच. पहिल्यांदा हत्यार रुतलं. दुसऱ्यांदा कड जास्त गेली. अकरा शनिवार तिनं अकरा बुश बिघडवले आणि अकरा टांगले. दगडाबाई चिडवायची, "अगं, तोरन बांधतीयास का दुकान काढतीयास?" पण रंभा चिवट. तिच्या हाताचा दाब मला पाठ झाला होता. कुठं थांबायचं ते तिला आता कळू लागलं होतं.

एकदा चहा पिताना दगडाबाईनंच सरांना विचारलं, "सर, हे जमलं आन् बर यायचीच थांबली, तर आमी चौघींनी करायचं काय?"

सरांनी कप खाली ठेवला. "तुमच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीनं तुमच्यातल्या एकीचंही काम जाणार नाही. बर संपली तर चौघींना मी मशीन शिकवीन. शब्द देतो."

"मंग करू द्या तिला," दगडाबाई म्हणाली.

बाराव्या शनिवारी बुश माझ्यातून निघाला तो गुळगुळीत. रंभानं चिंधी सोडून उघडं बोट कडेवरून फिरवलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, मग दगडाबाईचा हात ओढून तिचं बोट फिरवलं. दोघी रडायला लागल्या. मला तर त्या दिवशी आपण लोखंडाचे असल्याचं वाईट वाटलं.

पण सरांच्या निवृत्तीला तेव्हा महिनाच उरला होता. शाल, श्रीफळ, घड्याळ घेऊन ते शिरूरला गेले. त्यांच्या जागी पुण्याहून सत्यजीत साहेब आले. माणूस वाईट नव्हता हो. तरणा, हसरा, सगळ्यांना नावानं हाक मारणारा. त्यांनी आल्या आल्या 'नवकल्पना स्पर्धा' काढली, भिंतीवर रंगीत फळा लावला. रंभाचं काम ऐकून त्यांना खरंच आनंद झाला. "रंभाताई, फॉर्म भरा. हे वरपर्यंत गेलं पाहिजे."

ऑफिसातली अक्षदा फॉर्म घेऊन माझ्याच शेजारी उभी राहिली. नाव लिहिलं, खातं लिहिलं. मग एक रकाना आला: किती माणसांचं काम कमी होईल? तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नव्हता.

"काय लिहू?" अक्षदानं विचारलं.

"आमी चौघी हावत की. चार लिव," रंभा म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं पेन मागून घेतला आणि तो आकडा स्वतःच्या हातानं काढला. ठसठशीत. अभिमान होता तिला. सरांचा शब्द होता ना पाठीशी! शब्द फॉर्मवर कुठंच नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

पहिला नंबर रंभाचा आला. हार, टाळ्या, फळ्यावर फोटो. तिला ऑपरेटरची निळी टोपी मिळाली. मोठ्या मशीनांच्या कॉम्प्युटरमध्ये दोन ओळी बदलल्या आणि बर यायची थांबली. पंधरा दिवसांनी ठेकेदाराचा माणूस आला आणि बाकीच्या तिघींना म्हणाला, उद्यापासून येऊ नका.

रंभा धावत सत्यजीत साहेबांकडे गेली. बोलणं कूलरपाशीच झालं, म्हणून मला ऐकू आलं.

"साहेब, सरांनी शब्द दिल्ता. त्यास्नी मशीन शिकवायची व्हती."

"मला कुणी सांगितलंच नाही, रंभाताई. फाईलमध्ये तर तसं काही नाही." त्यांचा चेहरा उतरला होता. "मी विचारून बघतो. पण वरून आलंय हे. चार आकडा तुम्हीच दिलाय ना?"



दगडाबाई शेवटच्या दिवशी डबा, चप्पल, पाण्याची बाटली पिशवीत भरून माझ्यासमोरून गेली. रंभा आडवी आली, हात धरला. दगडाबाईनं हात सोडवून घेतला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," एवढंच म्हणाली. आता ती दौंडला लेकीकडं असते. रेल्वे कॉलनीत चार घरची धुणीभांडी करते, असं संपत सांगत होता.

त्यानंतरच्या शनिवारी चहा झाला आणि माझ्याकडे कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. कुणी ठरवून बंद पाडलं नाही. जो तो आपला कप घेऊन उन्हात जाऊन बसला. तारेवरचे तुकडे एक दिवस ग्राहकांची पाहणी आहे म्हणून उतरवून टाकले. "पाहुण्यांना भंगार काय दाखवायचं?" कुणीतरी म्हणालं. मला त्याचंही फार लागलं नाही. माणसं येणार नसतील तर तार काय चाटायचीय?

सर एकदा आले होते. कसलासा कागद न्यायला. माझ्या अंगावरचा ग्लास त्यांनी उचलून बाजूला ठेवला, रुमालानं पाण्याचा डाग पुसला. तेवढ्यात रंभा आली. 

"चूक माझी आहे, रंभा," सर म्हणाले. "शब्द दिला, पण कंपनीकडून लिहून घेतला नाही. मला वाटलं, मी म्हणजेच कंपनी. मूर्खपणा."

"तुमी काय करनार, सर," ती म्हणाली. पण तिनं वर बघितलं नाही.

आता या दिवाळीनंतरची गोष्ट ऐका. नवी ऑर्डर आली, पातळ बुशांची. पातळ बुश मशीनच्या तीन बोटांच्या पंजात घट्ट धरला की दबतो आणि सोडला की लंबगोल होतो. दहातले तीन वाया. चांगले-वाईट निवडायला पाच नव्या पोरी टेबलावर बसवल्या. सविता नावाची एक त्यात आहे. नवरा अपघातानं अंथरुणाला खिळलेला, घर तिच्यावर. पुण्याहून एक तज्ज्ञ येऊन गेले, प्रोजेक्टर लावून गेले, बुश काही गोल होईना. साहेबांनी मीटिंग घेतली. "आपल्याकडे लोक कल्पना का देत नाहीत? शिकायची इच्छाच का नाही?" असं कळकळीनं विचारत होते. लोक खाली मान घालून बिस्किटं खात होते. भिंतीपलीकडून मी ऐकत होतो. मित्रांनो, मला तोंड असतं ना, तर तेव्हा बोललो असतो!

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत रंभा आली. किती दिवसांनी! माझ्यावरचे ग्लास काढले, तेल घातलं, बटण दाबलं. मी आधी खोकलो, मग फिरलो. तिनं एक जाडसर कडी काढली, करवतीनं एका जागी चिरली, ती पातळ बुशाभोवती बसवली आणि मग दोन्ही मिळून माझ्या पंजात धरलं. मला लगेच कळलं. माझा दाब तीन जागी न टोचता सगळीकडून सारखा पडत होता. तिनं हलक्या हातानं कट घेतला, बुश सोडला, गोलाई मोजायचा डायल लावून फिरवला. काटा जागचा हलला नाही. गोल! तज्ज्ञांना न जमलेली गोष्ट या बाईनं चटणी-भाकरीच्या सुट्टीत केली होती.

ती हसली नाही. टेबलाकडे बघत राहिली. तिथं सविता आणि त्या पोरी डबे उघडून बसल्या होत्या.

तेवढ्यात सत्यजीत साहेब पाणी प्यायला आले, तशी तिनं कडी आणि बुश मुठीत झाकले. "अरे वा, रंभाताई! लेथ चालू? काही नवीन?" मग जरा घुटमळून म्हणाले, "काही असेल तर सांगा हं. हा कोपरा कुणी वापरत नाही म्हणून वरून विचारणा झालीय. पुढच्या आठवड्यात लेथ भंगारात जाईल. तुमच्यासारख्यांनी काही करून दाखवलं, तर मला थांबवता येईल."

मी ऐकलं. खरं सांगतो, जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. सांग बाई, असं मी मनातल्या मनात ओरडलो. मुठीत आहे ते नुसतं पुढं कर.

"न्हाई साहेब," रंभा म्हणाली. "जुनं मशीन हाय, जरा तेल घालत व्हते."

साहेब गेले. तिनं मूठ उघडली, कडी आणि बुश रुमालात गुंडाळले आणि डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवले. मग माझ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "माफ कर रं बाबा." आणि सविताजवळ जाऊन जेवायला बसली.

मला तिचा राग आला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मित्रांनो, मी आठवड्याभराचा पाहुणा आहे, म्हणून एवढंच मागतो. उद्या तुमच्यातलं कुणी साहेब होईल, मालक होईल. लोकांना शिका म्हणाल, डोकं चालवा म्हणाल. त्याआधी त्यांना सांगा की डोकं चालवल्यावर त्यांचं आणि त्यांच्या शेजारणीचं काय होणार आहे. नुसतं तोंडानं सांगू नका, कागदावर लिहून खाली सही करा. मशीनला तेल लागतं तसा माणसाला भरवसा लागतो.

तो मिळेपर्यंत तुमच्या कारखान्यातले बुश वाकडेच निघणार आहेत. गोल कसे काढायचे ते रंभाला ठाऊक आहे, आणि ती सांगणार नाही.