दूध पिणारे खोगीर

मित्रांनो, नीट बसून ऐका. मी एक जुने खोगीर आहे. पण माझ्यावर कोण बसले यापेक्षा माझ्या पोटात काय शिरले, ते तुम्हांला सांगायचे आहे.

तिबेटातल्या एका लोहाराने माझ्या पुढच्या कमानीवर जाळीदार लोखंडी पत्रा ठोकला. त्यात चिनी धाटणीचा ड्रॅगन कोरला, मिशाळ, पंजे रोवलेला, आणि त्यावर सोन्याचा मुलामा दिला. शतके लोटली. हातोहाती फिरत, निजामी अमलात मी राजेश्वर गावच्या भगवानरावांकडे त्यांच्या पांढऱ्या घोडीसह आले.

त्यांच्या मातोश्री सोजराबाईंनी मला पाहताच हात जोडले. "नागोबा हाय ह्यो!"

"आई, नागाला पंजे कामून असतील?"

"पंजे न्हाईत, वेलबुट्टी हाय. लई शहाणा झालास व्हय?"

नागपंचमीला भर दुपारी त्यांनी माझ्यावर दूध ओतले. ते जाळीतून आत झिरपून दिसेनासे झाले. "पिला बघा!" बायकांच्या अंगावर काटा आला. मग दर सोमवारी दूध. माझ्या लाकडाला आंबूस ओल चढली. ती तहान माझी की त्या सर्पाची, हे मलाही उमगेना. एके सकाळी त्याच्या तोंडातून तांबडा थेंब ओघळला.

पुढे पोटाखालून माझा तंगपट्टा आवळताच घोडी थरथरू लागे. स्वार नसतानाही किंचाळे.

"नाग कोपलाय," सोजराबाई म्हणाल्या. दुधाचे तांबे वाढले. घोडी खंगत गेली. "हिच्यात काय तरी शिरलंय. उद्या माळावर सोडून ये," त्यांनी मुलाला बजावले. माळावर लांडगे होते. मी सारे जाणत होते; मला वाचा नव्हती.

त्याच दिवशी माझे पट्टे शिवायला ईरण्णा चांभार आले. त्यांनी मला उलटे केले आणि हात आखडला.

"अक्का, नागोबाच्या पोटाखाली हात घालून बघितलं का कुणी?"

दुधाने माझ्या खालचा नमदा, ती लोकरीची जाड गादी, कुजला होता. पत्र्याचा खिळा गंजून तांबडे पाणी सुटले होते आणि तो लाकूड पोखरून खाली उतरला होता. त्याच्या टोकाला पांढरे केस चिकटले होते.

सोजराबाईंनी टोकावर बोट ठेवले. रक्त आले. त्या उठल्या आणि हळद घेऊन घोडीच्या पाठीवरच्या, केसांत दडलेल्या जखमेपाशी बसल्या. "माय, चुकलं माजं."

घोडी जगली. पण भिंतीला टांगलेल्या माझ्याकडे तिने मरेपर्यंत कधी पाठ केली नाही.

मित्रांनो, वस्तूला खुशाल हात जोडा. पण आधी तिच्या खालून हात फिरवा. आणि मुक्या जिवाच्या वेदनेला देवाचा कोप म्हणू नका.