मागची रांग

मांडीवरच्या दांड्याच्या फोमला एक चीर पडली होती आणि तिचं बोट आपोआप त्या चिरेत गेलं… आत काहीतरी मऊ, ओलसर. रोलर कोस्टरची गाडी फेरी संपवून फलाटाशी थांबली होती, दांडे सुटायची सगळे वाट बघत होते, आणि तिला मात्र ते सुटूच नयेत असं वाटत होतं. कारण उतरलं की पुन्हा सगळे तिच्या प्रत्येक बोलण्यावर मान डोलावणार.

रोलर कोस्टरवेड्यांचा हा कंपू तिच्या नवऱ्याने जमवलेला. तो स्वतः, एक दातांचा डॉक्टर, एक वेल्डर, औषधांच्या दुकानातली केमिस्ट, आणि ही. कोस्टरमध्ये बसायचं आणि उतरल्यावर भांडायचं: लाकडी बरा की पोलादी, उतार कुठे फसलाय, वळणावर मान का आखडते… घसा बसेपर्यंत. तो तर चमच्यांचे रूळ मांडून भांडायचा. तो गेला. आज त्याच्याशिवाय पहिल्यांदाच, आणि त्यांनी न विचारता मागची रांग तिच्यासाठी धरून ठेवली होती, त्याची लाडकी.

किती चांगली माणसं! आणि तोच तर त्रास—तो गेल्यापासून तिला कुणी ‘नाही’ म्हटलेलंच नव्हतं. परवा भाजी खारट झाली तर मुलगा म्हणाला, मस्त झालीय. मी काय काचेची झालेय?

पुढच्या फेरीच्या रांगेत, लाकडी सांगाड्याखाली उभं असताना ती म्हणाली, “पोलादी म्हणजे अगदीच मिळमिळीत.”

“हो ना, वहिनी,” वेल्डर म्हणाला. पोलादाला कुणी नाव ठेवलं तर एरवी अंगावर धावून येणारा वेल्डर!

मग तिने मुद्दामच टाकलं, “खरं सांगू? पुढे बसा नाहीतर मागे, सगळं सारखंच. गाडी एक, वेग एक.”

या वाक्यावर नवरा भरल्या ताटावरून उठला असता. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत राहिला. वेल्डर पुटपुटला, “असेल… तसंही असेल.” म्हणजे संपलंच. दरवर्षी आणतील, मागे बसवतील, सरबत पाजतील—आणि माझ्याशी कुणी बोलणार नाही.

“अहो वहिनी, काहीही काय बोलताय!” केमिस्टला अखेर राहवलं नाही. डॉक्टरने डोळे वटारून तिला गप्प बसायची खूण केली. “डोळे काय वटारतोस? चूक ते चूक! वेग एक असेल, पण पुढचा डबा माथ्यावर रेंगाळतो, मागचा ओढला जातो, फेकला जातो! इतकी वर्षं बसताय आणि एवढं कळू नये?”

तिला रडू आलं आणि हसूही. बाई, तुझे फार उपकार झाले गं… “कळतंय मला,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आणि तरी तू चुकतेयस. मधल्या डब्याचं काय?”

“मधला डबा हा काय डबा आहे?” वेल्डर उसळला. डॉक्टरने कपाळावर हात मारला आणि तोही वादात पडला. मागे उभे असलेले लोक पुढे सरका म्हणून ओरडू लागले.

सगळे बसले आणि गाडी साखळीवर खडखडत चढायला लागली. आपली बाजू साफ खोटी आहे हे तिला ठाऊक होतं, तरी तिच्या मनात मुद्दे भराभर जमत होते… इतके दिवस जे काही मनात जुळायचं ते त्याला सांगण्यासाठी, मग तो नाही हे आठवायचं, आणि ते तसंच राहून जायचं. आत्ता जुळत असलेलं हे वाक्य केमिस्टसाठी होतं. हे लक्षात आल्यावर तिला थोडं अपराधी वाटलं, आणि ते वाटत असतानाही ती ते वाक्य आणखी धारदार करत राहिली.