गेली म्हणजे कुठे?

चार भावंडांत शेंडेफळ, म्हणून घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. तिनं वाक्य सुरू करावं आणि कुणीतरी थोरल्यानं ते पुरं करावं, अशीच त्या घराची रीत. परदेशातल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागल्याचं तिनं सांगितलं, तेव्हा मोठी वहिनी हसून म्हणाली, "बरं झालं बाई! इथं कुणी बोलू दिलं नाही, आता तिथं पोरांना ऐकवत बस."

प्रत्यक्षात पोरंच तिला ऐकवत होती. शिकवणं नवं, देश नवा आणि भाषा पुस्तकातून शिकलेली. सांगायला जायची एक आणि तोंडातून निघायचं भलतंच. वर्ग खो-खो हसायचा. शाळा सुटली की ती लॉन्ड्रीच्या वरच्या आपल्या भाड्याच्या खोलीवर यायची आणि बूटही न काढता पलंगाच्या कडेला बसून राहायची. खालच्या यंत्रांची घरघर फरशीतून तळपायांना लागत राही. आईचा फोन आला की मात्र, "मजेत आहे गं," असं ठोकून द्यायची.

वर्गात पुढेच बसणारी एक मुलगी होती. अंगानं काडी, ओठ जरा निळसर, पण जीभ धारदार. धाकटीनं मनातल्या मनात तिचं नाव वकीलबाई ठेवलं होतं. शब्द चुकला की हिचा हात वर.

"टीचर, असं नाही म्हणत. पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हटलं तरी वकीलबाईचं समाधान नाही. "अजून एकदा."

सुरुवातीला धाकटीच्या डोक्यात तिडीक जायची. पण तिच्या लक्षात आलं, की ही पोरगी स्वतः कधी हसत नाही. उलट बाकीचे हसले की मागे वळून त्यांच्यावर डोळे वटारते. मग अडलं की धाकटी आपणहून तिच्याकडे बघू लागली आणि ती ओठ हलवून शब्द पुरवू लागली.

मुलीचं हृदय जन्मापासून अधू होतं. ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिनं बजावलं, "मी येईपर्यंत नवे शब्द वापरू नका. कोण सुधारणार?"

ती आली नाही.

शाळा भरायच्या आधी मुख्याध्यापिकेनं धाकटीला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि बातमी सांगितली. मग हळूच म्हणाली, "मुलांना आजच सांगायला हवं. तुम्हाला भाषेची अडचण आहे, मला कळतं. मी सांगू का?"

"हो" हा शब्द धाकटीच्या अगदी ओठांवर आला होता. आजवर तिनं दुसरं केलं तरी काय होतं? पण ती म्हणाली, "नको. वर्ग माझा आहे."

मुलं बसली. ती टेबलाला धरून उभी राहिली. मनात शब्द मराठीतच येत होते. आजोबांच्या वेळी घरात सगळे 'गेले' एवढंच म्हणाले होते. 'मेला' हा शब्द शिव्याशापांत, नाहीतर डासाझुरळाला. आपल्या माणसाला तो कुणी लावत नाही. तिनं तोच 'गेली' त्या भाषेत उचलून ठेवला.

"आपली मैत्रीण काल गेली."

"कुठे?" एका गुबगुबीत मुलानं विचारलं.

"दुसऱ्या शाळेत?"

"मग परत कधी येणार?"

दोघातिघांनी तर दाराकडे पाहिलं. तेव्हा कुठे धाकटीला उमगलं. त्या भाषेत 'गेली' म्हणजे नुसतं जाणं. जी गेली ती परत येऊ शकते.

ती टेबल सोडून पुढे आली आणि मुलांच्या उंचीला येईल अशी खाली बसली. "ती मेली," ती म्हणाली. "तिचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते पुन्हा चालू झालं नाही. ती आता परत येणार नाही."

एकीनं विचारलं, "तिला दुखलं का?"

"मला नक्की माहीत नाही. तिला झोपेचं औषध दिलं होतं. बहुतेक नसेल दुखलं."

इतक्यात तो गुबगुबीत मुलगा फिस्सकन हसला. सगळे त्याच्यावर खवळले. धाकटी त्याच्याजवळ गेली, पाठीवर हात ठेवला, तेव्हा कळलं की तो थरथरतोय. हसू तसंच रडण्यात शिरलं. मग वर्गच रडला आणि धाकटीनंही डोळे लपवले नाहीत.

काही दिवसांनी मुलीची आई तिचा रंगकामाचा एप्रन आणि ब्रश न्यायला आली. मुलांच्या ठेंगण्या खुर्च्यांवर दोघी गुडघे वर करून बसल्या.

"मुलांना काय सांगितलंत?" आईनं विचारलं.

धाकटीनं जसंच्या तसं सांगितलं, आणि घाईनं म्हणाली, "शब्द कठोर वाटला असेल तर..."

"नाही. सगळे मला म्हणतात, ती झोपलीय. तिला असलं चाललं नसतं. घरी आम्हालाही टोकायची, नीट बोला म्हणून." एप्रनची घडी ती मोडत होती, पुन्हा घालत होती. "मला अजून तो शब्द म्हणता येत नाही."

त्या संध्याकाळी धाकटीनं आपल्या आईला आपणहून फोन लावला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. खोलीवरचं बसणं, पोरांचं हसणं, ती मुलगी.

"त्या माऊलीला कोण आहे गं?" आईनं विचारलं.

"नवरा आहे. तोही खचलाय."

"मग जात जा अधूनमधून. बोलायला काही नसलं तरी चालतं. नुसतं जाऊन बसावं."

शनिवारी ती गेली. त्या देशात कामाशिवाय तिनं वाजवलेलं ते पहिलं दार. मुलीच्या आईनं ते उघडलं, काही न विचारता बाजूला झाली आणि चहाचं आधण ठेवायला आत वळली.