एकवीस हिरव्या खुणा

धोंडीराम साहेबांना डोकं नाही असं मी म्हणणार नाही. आहे, पण ते त्यांनी टोपी ठेवायला राखून ठेवलंय. द्वारका चौकाजवळ थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त चढवायचं आमचं केंद्र आहे, त्याचे ते व्यवस्थापक. मी तिथले संगणक सांभाळते. संध्याकाळी घरी जाताना ते सर्व्हरच्या खोलीचा मेन स्विच खटकन बंद करतात. का, तर "रिकामं मशीन कशाला तापवायचं?" त्यामुळे बॅकअप मला भर दुपारी एक वाजता लावावा लागतो.

तीन महिन्यांतून एकदा मुलांच्या सगळ्या नोंदींची पूर्ण प्रत, आणि मग रोज फक्त त्या दिवशी बदललेलं तेवढं. नोंदी पुन्हा उभारायच्या तर पूर्ण प्रतीवर एकेक दिवस क्रमाने चढवायचा. मधला एक दिवस फाटका निघाला की पुढचे सगळे कचऱ्यात. हे मी साहेबांना चारदा समजावलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "रोजच्या रोज होतं ना? मग झालं तर!"

खंडेनवमीला तर त्यांनी कळसच केला. लाल कापडावर कात्र्या, स्टेथोस्कोप, रक्ताचा तराजू मांडला, आणि मुहूर्त टळू नये म्हणून एक वाजून दहा मिनिटांनी बॅकअपची डिस्क उपटून तीही पाटावर ठेवली. वर हळदकुंकू, झेंडू. मी जेवून आले तेव्हा ते डिस्कला ओवाळत होते.

"अहो, प्रत चालू होती!"

"स्नेहल मॅडम, देवाच्या कामात काही बिघडत नाही."

मी सगळ्यांदेखत कुंकू पुसलं, डिस्क परत लावली आणि तपासणी चालवली. प्रत्येक फाइलीवरून एक लांबलचक आकडा निघतो. आम्ही त्याला ठसा म्हणतो. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. ठसा जुळला की पडद्यावर हिरवी खूण. नवमीची फाइल हिरवी आली. त्यानंतर रोज हिरवी. ह्या माणसाच्या अडाणीपणालाही पुरून उरेल अशी व्यवस्था मी उभी केलीय, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

आज सकाळी रोजच्या झटक्यांना कंटाळून सर्व्हरने आतल्या नोंदींसकट मान टाकली. साहेबांचा चेहरा पाहून मला, खरं सांगते, बरं वाटलं. नवा सर्व्हर लावला, पूर्ण प्रत चढवली, एकेक दिवस चढवत गेले. नवमीला गाडी अडली. फाइल अर्धीच होती. पुढचे वीस दिवस त्या अर्ध्या फाइलीला टेकून उभे होते, तेही गेले.

बाहेर बाकावर चांगुणाबाई बसली होती. पेठ तालुक्यातली, दर तीन आठवड्यांनी नऊ वर्षांच्या रोशनीला घेऊन येते. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. रक्त तपासणाऱ्या हर्षालीने नमुना तपासला होता, दोष काही निघाला नव्हता.

"पण मागच्या येळंला तुमीच सांगितलं का पोरीच्या रक्तात काहीतरी गावलंय," चांगुणाबाई म्हणाली. "कोणतीबी पिशवी चालायची नाय. निवडून द्यावी लागंल."

मागची वेळ म्हणजे नवमीची सकाळ. हा दोष म्हणजे परक्या रक्ताशी झगडणारी प्रतिपिंडं; ती पुढे रक्तात दडी मारतात, चाचणीत दिसत नाहीत. चुकीची पिशवी चढली की मग उसळतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. कोणती पिशवी टाळायची ते फक्त नोंदीत असतं. हर्षालीने नोंद केली होती, पण तीन आठवड्यांत शंभर मुलं तिच्या हाताखालून गेली होती. तिला नेमका दोष आठवेना. आणि कागदी अहवाल बंद करायला लावणारी मीच.

डॉक्टरांनी रक्त थांबवलं. नमुना मुंबईला जाणार, तीन दिवस लागणार. "तोवर तिला धाप लागली तर लगेच आणा," ते म्हणाले, आणि चांगुणाबाईच्या नजरेला नजर देईनात.

मी आत जाऊन पुन्हा पाहिलं. नवमीची फाइल, हिरवी खूण. मग उमगलं. ठसा मी मूळ नोंदींवरून काढतच नव्हते. डिस्कवर जे उतरलं, त्यावरून काढत होते. एकवीस दिवस अर्धी फाइल त्याच अर्ध्या फाइलीशी जुळत होती. प्रत एकदा उभारून पाहायला अर्धा तास लागतो. तो मला कधी मिळाला नाही. साहेबांना नावं ठेवायला मात्र रोज मिळाला.

दारात साहेब उभे होते, टोपी हातात घेऊन. "मॅडम, माझ्यामुळे झालं ना हे?"

हो म्हणणं किती सोपं होतं. अर्धं खरंही होतं. त्यांच्या मागे चांगुणाबाई पोरीला कडेवर घेऊन उभी होती, नऊ वर्षांच्या पोरीला.

"ताई," तिने मला विचारलं, "ते लिवलेलं नीट ऱ्हायलंय का, हे पाह्याचं काम कोणाचं व्हतं?"

"माझं," मी म्हणाले.