पेटी फिरतीवर आहे

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या सकाळी वरंधच्या रावजीच्या दारात जीप उभी राहिली, ती पडवीतल्या पत्र्याच्या पेटीसाठी.

जीपमधून किशोर सर उतरले. ते केंद्रप्रमुख होते, डोंगरातल्या शाळांवर देखरेख त्यांची. माणूस वाईट नव्हता. गेल्या वर्षी रावजीची बायको सरिता गेली तेव्हा खांदा द्यायला हाच पुढे झाला होता. म्हणून रावजीने आधी चहा टाकला.

"काका, पेटी न्यायला आलोय," किशोर सर म्हणाले. "महाडातल्या एका मोठ्या शाळेत विज्ञानाची नवी खोली झालीय. काचेचं कपाट आहे. हा बघा फोटो."

रावजीने मोबाइल लांब धरला, मग जवळ धरला.

"खिशात चष्मा आहे की. लावा."

"तो माझा नाय," रावजी म्हणाला आणि मोबाइल परत दिला.

पेटी सरिताची. ती वरंधकडच्या एका लहान शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायची. रावजी तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत वेल्डिंगला होता. पत्रा त्याने कापला, कड्या त्याने बसवल्या. आत सूक्ष्मदर्शक, लोहचुंबक, तारा, बल्ब, तराजू, पुठ्ठ्याचे घन आणि शंकू. वाडीवरच्या शाळेत एकच मास्तर गणित शिकवतो आणि तोच विज्ञान शिकवतो. अडलं तर विचारायला शेजारी कोणी नसतं, आणि प्रशिक्षणात शंभर जणांपुढे 'मला कळलं नाही' म्हणायची लाज वाटते. सरिता त्या लाजेत कितीतरी वर्षं बसली होती. एका शिमग्याला गावची पालखी शिवेवर दुसऱ्या गावाच्या खांद्यावर गेली, ते बघून सरिता घरी आली आणि म्हणाली, "अहो, मला एक पेटी करून द्या."

तेव्हापासून पेटी पालखीसारखी फिरायची. शिवेपर्यंत एका गावाने आणायची, पुढे दुसऱ्याने न्यायची. मध्ये किंजळीच्या झाडाखाली दोन्ही मास्तर बसायचे. देणाऱ्याने आधी आपलं काय चुकलं ते सांगायचं, मग घेणाऱ्याने विचारायचं. ऐकायला ना साहेब, ना पोरं. आणि पेटी रिकामी पुढे द्यायची नाही. पालखीची ओटी भरतात तशी देणाऱ्याने आपली एक वस्तू आत टाकायची. पहिल्याच वर्षी एका गावाने भक्तीने पेटीवर नारळ फोडला. पाणी आत गेलं आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर डाग पडला. सरिताने पट्टी पुसली नाही. वाळलेलं नारळपाणी मोठं होऊन कसं दिसतं, ते पुढच्या सगळ्या शाळांनी पाहिलं.

"फिरती अर्धी हाय, किशोर," रावजी म्हणाला. "सुट्टीपुरती पेटी माझ्याकडं टेकली. उद्या शिवथरच्या वरच्या वाडीला जायची. अश्वजित मास्तर वाट बघतोय."

"अश्वजित महाडला येऊन बघेल ना."

"कुठनं बघंल? काचेच्या भायरनं?"

किशोर सरांनी कप खाली ठेवला. "वरून ठरलंय काका. पण मी एक मंजूर करून घेतलंय. कपाटावर पितळी पाटी लागणार, बाईंच्या नावाची."

रावजीने पडवीतल्या पेटीकडे पाहिलं. सरिता गेली, मग पट कमी म्हणून तिची शाळाही बंद झाली. रेशनकार्डावरचं नाव तर त्याने स्वतःच जाऊन कमी करून आणलं होतं. पेटीवर तिने कधी नाव घातलं नव्हतं. पितळेवर ते राहिलं असतं. त्याच्या मागेही राहिलं असतं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी तो पडवीत पेटी पुसत बसला होता. शेजारची प्रयागबाई भाताच्या मळणीतून उठून आली. पदराला अजून तूस चिकटलेलं.

"कपाटात घालणार म्हणं? नि तू हो म्हणलास?"

"हो नाय म्हणलो."

"नाय पण नाय म्हणलास!"

"तिचं नाव लावणार हायत गो."

"नाव! पालखीवर देवाचं नाव लिवलेलं असतं काय रे? तरी सारा मुलूख वळखतो. सहाणंवरच, त्या चौथऱ्यावरच बसून ऱ्हायली तर कुत्रं पण विचारणार नाय. सरिता असती तर तुझ्या हातातलं फडकं काढून घेतलं असतं."

रावजीने फडकं खांद्यावर टाकलं. "तुझ्या पोराला, भिकूला हाक मार. दुसरी कडी धरायला कोण तरी पायजे."

किंजळीखाली अश्वजित मास्तर वाडीतली माणसं घेऊन आधीच आला होता. पेटी टेकते न टेकते तोच जीप आली आणि वरच्या वाडीच्या वाटेवर आडवी थांबली.

"काका, काल तुम्ही 'उद्या सांगतो' म्हणालात म्हणून थांबलो," किशोर सर म्हणाले. "अश्वजित, तुम्ही तरी सांगा यांना."

अश्वजितची नोकरी नवी होती. साहेबापुढे तो मान हलवणाराच. आताही मान हलली, पण आडवी.

"सर, मी इतिहासाचा. भिंगाचा धडा मी पाठ करून शिकवतो. प्रशिक्षणात तुम्ही विचारलंत, कळलं का. मी हो म्हणालो. नव्हतं कळलं."

"हे असं चारचौघांत..."

"इथेच सांगायचं असतं, सर. पेटी कपाटात गेली तर मी कुणाला विचारू?"

किशोर सरांनी रावजीकडे पाहिलं. "आणि पाटी?"

"पाटी नको."

"मी वर काय सांगू, काका?"

"सांग, पेटी फिरतीवर हाय. डोंगरातली शेवटची शाळा बंद पडंल तेव्हा येऊन ने. तवर नाय मिळायची."

"रावज्या, ओटी!" प्रयागबाई मागून ओरडली. "देणारा तू. रिकामी देतोस काय?"

हे रावजीच्या ध्यानातच आलं नव्हतं. आजवर द्यायला सरिता असायची. त्याने खिसे चाचपले. विडीचं बंडल, काडेपेटी आणि तो चष्मा. सरिताचा, वाचायचा, जाड भिंगांचा. ती गेल्यापासून रोज सदरा बदलला तरी चष्मा खिशात जायचाच.

"आधी चूक सांगायची," तो म्हणाला. "काल मी पितळेला भुललो." आणि चष्मा अश्वजितच्या हातात ठेवला.

अश्वजितने तो उन्हात धरला. खाली किंजळीचं वाळकं पान होतं. पानावर उजेडाचा मोठा ठिपका पडला. सगळे वाकले. काहीच होईना.

"अजून वर धरा," जीपजवळून आवाज आला. किशोर सर होते. "थोडं अजून. आता हलवू नका."

ठिपका बारीक झाला. पानातून धूर निघाला आणि भोक पडलं. अश्वजित चष्मा वर-खाली करत राहिला. ठिपका मोठा, ठिपका लहान. "असं होय," तो स्वतःशीच म्हणाला.

रावजीने चष्मा घेऊन खांद्यावरच्या फडक्यात गुंडाळला आणि पेटीत सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवला. झाकण लावलं. मग त्याने कडी खटकन लावली. वाडीच्या दोघांनी पेटी खांद्यावर घेतली.

"किशोर," तो म्हणाला, "जीप मागं घे. पेटीला वाट पायजे."